शेवटची बाकी

“आणि कशानेच भाग जात नाही?” महाराजांनी विचारलं.

“कशानेच नाही,” बाबगोंडा म्हणाले. “एक आणि ती संख्या स्वतः, एवढं सोडलं तर कशानेच नाही.”

बोलताना त्यांची मान आपोआप ताठ झाली.

कृष्णाकाठच्या त्या गावात जैन मुनिमहाराजांचा चातुर्मास चालला होता. कॉलेजातली गणिताची नोकरी सोडून बाबगोंडा चौगुले त्यांच्या पायाशी येऊन राहिले होते. दोनदा त्यांनी दीक्षा मागितली. दोन्ही वेळा महाराज नुसते हसले. ते हसणं बाबगोंडांच्या जिव्हारी लागलं होतं. आपल्याइतका तयार माणूस इथे दुसरा आहे कोण?

म्हणून आज त्यांनी त्या संख्येचा विषय काढला. दोन एकसष्ट वेळा मांडून गुणायचे, त्यातून एक वजा करायचा. एकोणीस अंकी संख्या येते. ती मूळ संख्या आहे हे जगाला केव्हाच ठाऊक होतं. मशीन तर पापणी लवायच्या आत सांगतं. विभागप्रमुख त्यावरून चारचौघांत हसले होते. पण बाबगोंडांनी ते हातानं पडताळलं होतं. एकट्यानं.

“कसं?” महाराजांनी खरोखरच्या कुतूहलानं विचारलं.

बाबगोंडा खुलले. चारापासून सुरुवात करायची, त्यांनी समजावलं. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या मोठ्या संख्येनं भागायचं आणि जी बाकी राहील तिचा पुन्हा वर्ग. अशा एकोणसाठ फेऱ्या. शेवटची बाकी शून्य आली तर संख्या मूळ.

“मध्येच चुकलं तर?”

“सगळं वाया.”

तसं झालंही होतं. कुठेतरी एक हातचा विसरला आणि महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. घरात कोणी त्यांच्याशी बोलेनासं झालं, तरी ते पाटावरून उठले नाहीत. हेही त्यांनी सांगितलं, आणि जरा जास्तच रंगवून सांगितलं.

महाराज डोळे मिटून ऐकत होते.

“यंत्राला धीर लागत नाही, महाराज. मला लागला. इतका धीर ज्याच्या अंगात आहे, त्याला अजून कशासाठी थांबवता?”

…

बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, आवारात कुणीतरी तांदूळ पाखडत होतं. तो आवाजही थांबला.

“शेवटी काय उरलं म्हणालास?”

“शून्य.”

“नक्की?”

“दोनदा तपासलं. एक जरी उरला असता, तरी सगळं फसलं असतं.”

“म्हणजे काहीच उरलं नाही.”

“काहीच नाही,” बाबगोंडा म्हणाले. एवढ्या अभिमानानं ते आयुष्यात क्वचितच काही बोलले असतील.

महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलली. हा आशीर्वादच. बाबगोंडांनी हात जोडले, डोकं खाली वाकवलं आणि पिसांच्या स्पर्शाची वाट पाहत राहिले.

…

पिसं टेकली नाहीत.

त्यांनी हळूच वर पाहिलं. पिंछी हवेत तशीच होती. महाराज त्यांच्याकडे बघत होते, अगदी मायेनं.

“मग दीक्षा कोण मागतंय?”