मांडीवरचा राजा

झालात का आडवे सगळे? गुंड्या, पाय पांघरुणात घे. हं, आता ऐका.

एक होता राजा. पण गोष्ट त्याची नाही बरं का. तो अर्ध्या गोष्टीतच पळून जातो. गोष्ट आहे हौसाची.

हौसा करंजनगरीत राहायची. आठवड्याच्या बाजारात वडाखाली बसायची, डफ वाजवायची आणि गायची. आवाज कसा? तिनं सूर लावला की चुलीवरचं उतू जाणारं दूध खाली बसायचं. भांडणारी माणसं कशावरून भांडत होतो तेच विसरायची. दळणाची, पेरणीची, रुसलेल्या नणंदेची, सगळी गाणी तिच्याजवळ होती. तिनं बाजारात म्हटलेलं गाणं संध्याकाळपर्यंत घराघरांत पोचलेलं असायचं.

आणि त्या राज्यात एक नवल होतं. तिथं झोप आपोआप यायची नाही. तिचं नाव नीजबाई. ती राहायची लांब डोंगरावर. दिवेलागण झाली की आया पोरांना मांडीवर घेऊन तिला हाक मारायच्या:

ये गं नीजबाई, डोंगर उतरून
माझ्या राजाला घाल पांघरूण

मग ती यायची. पोराला झोपवायची, आणि जाता जाता आईलाही, बाबालाही, गोठ्यातल्या गाईलाही झोपवून जायची. कुणी पाहिली नव्हती तिला. पण यायची.

तर त्या राजाला गाण्याचं भारी वेड. वेड असावं, पण कसं? त्याला वाटायचं, चांगलं गाणं म्हणजे माझंच. कुठं गोड गळा ऐकला की शिपाई पाठवायचा. आधी त्यानं दौलतबुवा सारंगीवाल्याला नेलं. मग येसबा नगारेवाल्याला नेलं. मग एके दिवशी हौसालाही पालखीत घालून नेलं. तिनं नको नको म्हटलं. पण राजाला नको कोण म्हणणार?

महालात तिला जरीचं लुगडं मिळालं. गाणं मात्र एकच. राजा किती शूर, राजा किती थोर. सकाळी तेच, दुपारी तेच. बाजारातली गाणी तिथं चालायची नाहीत.

मग काय झालं, दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. माणसं महालाच्या दाराशी आली आणि धान्य मागू लागली. कोठारं तर भरलेली होती. पण राजाला तो गलबला नको होता. तो हौसाला म्हणाला, मोठ्यानं गा. अजून मोठ्यानं. बाहेरचं मला काही ऐकू येता कामा नये.

आणि हौसा गायली. भ्याली होती ती. गाताना मध्ये श्वास घ्यायला थांबली की बाहेरची पोरं रडताना ऐकू यायची. मग ती घाईघाईनं पुढची ओळ धरायची.

त्या गर्दीत एक होता भैरू लोहार. हात लोखंडासारखे, बोलणं त्याहून कडक. त्याचा मुलगा दाराशी उभा राहून ओरडला म्हणून शिपायांनी त्याला धरून तळघरात टाकलं. भैरू घरी गेला आणि घण घेऊन ऐरणीवर मारू लागला. ठाण, ठाण. ठाण, ठाण. आणि त्या ठोक्यावर त्याच्या तोंडून शब्द आले:

उठा गड्या हो, उचला पाय
दार उघडल्याविना जायचं नाय

शेजाऱ्यानं ते धरलं. मग गल्लीनं धरलं. मग सगळी नगरी ते गात महालावर चालून गेली. गाणं तिथं पोचलं, तेव्हा शिपायांचे पायसुद्धा त्या ठेक्यावर हलायला लागले बरं का. त्यांनी भाले खाली ठेवले. दार उघडलं. राजा मागच्या दारानं पालखीत बसला आणि नदीपार पळाला. जाताना दौलतबुवांची सारंगीही घेऊन गेला.

तो गेला. आपल्यालाही त्याचं काही काम नाही आता.

मग कोठारं उघडली. तळघरातली माणसं बाहेर आली, भैरूचा मुलगाही आला. लोकांनी आपले पंच निवडले आणि भैरूला केलं त्यांचा मुख्य. माणूस सचोटीचा. कुणाचं चिमूटभर मीठ फुकट घ्यायचा नाही. पण मनात राग होता ना. रागावलेल्या माणसाचे कान बंद होतात.

पहिल्यांदा पंचांनी दवंडी पिटली, की महालातली गाणी बंद. लोक म्हणाले, बरं झालं, कंटाळाच आला होता.

मग दुसरी दवंडी. ज्यात राजा हा शब्द येतो ते प्रत्येक गाणं बंद. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दळणाच्या गाण्यात राजा, पेरणीच्या गाण्यात राजा, रुसलेल्या नणंदेच्या गाण्यातसुद्धा कुठंतरी होताच.

मग तिसरी दवंडी आली. उरलेलं काय काय तपासत बसायचं? तेव्हा सगळीच गाणी बंद. एकच गाणं म्हणायचं. उठा गड्या हो, उचला पाय.

गाणं चांगलं होतं हो! त्यानंच तर दार उघडलं होतं. पण सगळीकडे तेच कसं चालेल? मळणीला ते लावलं, तर बैल असे पळत सुटले की खळ्यात दाणा राहिना. लग्नात ते लावलं, तर नवरी धाड धाड पाय आपटत बोहल्यावर चढली आणि नवरा दचकून दोन पावलं मागं सरला.

हौसाला चावडीत बोलावलं. भैरू म्हणाला, "तू राजाची गाणारी. आम्ही दारात मरत होतो, तू आत गात होतीस. आजपासून तुझं तोंड बंद."

हौसानं मान खाली घातली. तिनं डफ पंचांपुढं ठेवला आणि निघून आली. मग ती भाजी विकू लागली. मेथीच्या जुड्या मांडून नुसती बसून राहायची. कारण "मेथी घ्या मेथी" म्हटलं तरी ते सुरात यायचं आणि पहारेकरी डोळे वटारायचा. येसबाचं बरं चाललं होतं. त्याला दिवसभर मिरवणुकीचा नगारा वाजवायचं काम दिलं होतं. पण तोही हौसाच्या दुकानाशी आला की हात थोडा हळू करायचा. दौलतबुवा तर राजा पळाला त्या दिवसापासून नदीपारच होते.

आणि आता खरी पंचाईत ऐका. दिवेलागण झाली, आयांनी पोरं मांडीवर घेतली, तोंड उघडलं, आणि दवंडी आठवली. गप्प बसल्या. नीजबाईनं डोंगरावर कान दिला. हाक नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग ती उठली आणि रुसून डोंगरापलीकडे निघून गेली.

झालं! नगरीत कुणाला झोप येईना. पोरं रडायचीसुद्धा नाहीत, नुसती टक्क डोळे उघडून बघत बसायची. माणसं चालता चालता भिंतीवर आपटायची. हलवाई साखरेऐवजी मीठ घालायचा. कोंबडा दुपारी आरवायचा.

पंचांनी आधी वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी पोरांच्या कपाळांना जायफळ उगाळून लावलं. घरंदारं घमघमली, पण डोळे काही मिटेनात.

मग पंच म्हणाले, राजा हा शब्द काढा आणि अंगाई म्हणा. आयांनी म्हटलं, "माझ्या पंचाला घाल पांघरूण." पोरं खदाखदा हसायला लागली.

मग येसबाला सांगितलं, घराघरासमोर उठा गड्या हो हेच गाणं वाजव, पण हळूच वाजव. त्यानं वाजवलं. पोरं पाळण्यात उभी राहिली.

आता भैरूच्या घरी नुकतीच नात झाली होती. तळघरातून सुटून आलेल्या त्या मुलाची मुलगी. सुनेला उभं राहवेना, म्हणून भैरू नातीला खांद्यावर टाकून चावडीत आला. सकाळची वेळ. सगळे पंच जमलेले, बाहेर लोक जमलेले. भैरू येरझाऱ्या घालतोय, पोरीची पाठ थोपटतोय. ती आपली टकाटका बघतेय. भैरूचे डोळे लाल झालेले. आणि थोपटता थोपटता त्याच्या तोंडून आलं, "झोप ना गं माझ्या राजा."

सगळे पंच वळून बघायला लागले. भैरू तसाच उभा राहिला. मग तो पायऱ्या उतरला, पोरीला घेऊन बाजारात गेला आणि हौसाच्या मेथीसमोर जाऊन बसला. चक्क जमिनीवर.

त्यानं सांगितलं, की नीजबाई फार लांब गेलीय, आयांची हाक तिथवर पोचत नाही, तेवढा आवाज एकाच गळ्यात आहे. तू घरात बसून गा, मी कुणाला कळू देणार नाही.

हौसा म्हणाली, "चोरून नाही गाणार मी."

मग तिनं भाजीवर पाणी शिंपडलं. आणि म्हणाली, "त्या दिवशी मला तुम्हा सगळ्यांचं ऐकू येत होतं. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. भीती वाटली, म्हणून गायले. ते तुम्ही विसरा असं मी म्हणत नाही. पण भैरूदादा, गादीवरचा राजा तुम्ही घालवलात, चांगलं केलंत. हा मांडीवरचा आहे. ह्याला कुणी घालवतं का?"

भैरूनं नातीकडं पाहिलं. त्यानं विचारलं, तुला काय हवं?

हौसानं तीन गोष्टी मागितल्या. उघड्यावर, सगळ्यांसमोर गाईन. कुणी आपल्या घरात, शेतात काय गावं हे दुसऱ्यानं ठरवू नये. आणि दौलतबुवांना परत येऊ द्यावं.

पहिल्या दोन्ही भैरूनं कबूल केल्या. तिसरीला मात्र अडला. तो म्हणाला, दौलतबुवा राजाच्या मागं गेला.

"राजाच्या मागं नाही गेले. सारंगीच्या मागं गेले," हौसा म्हणाली. "पालखीत सारंगी होती आणि म्हातारा अनवाणी मागून पळत होता. मी पाहिलंय."

भैरूनं सुस्कारा टाकला आणि होय म्हटलं.

दिवेलागणीला सगळी नगरी वडाखाली जमली. हौसाला तिचा डफ दिला. तिनं सूर लावला आणि तो चिरकला. इतके दिवस गळा बंद होता ना. लोक चुळबुळले. हौसाला वाटलं, गेलं माझं गाणं.

तेवढ्यात येसबा पुढं आला. त्यानं नगारा मांडला आणि भैरूच्या गाण्याचाच ठेका धरला, पण अगदी सावकाश. ठाण... ठाण... ठाण... कसा? पाळणा हलावा तसा. लोक बघतच राहिले. घणाचा ठेका आणि पाळण्याचा झोका एकच होता की! हौसानं त्यावर पुन्हा सूर लावला. ह्या वेळी तो लागला. पण डोंगरापर्यंतच पोचला.

मग मागून एका बाईनं सूर मिळवला. मग दुसरीनं, मग साऱ्या आयांनी. भैरूच्या सुनेनं धरला. आणि शेवटी घोगऱ्या आवाजात, बेसूर, भैरूनंही धरला.

ये गं नीजबाई, डोंगर उतरून
माझ्या राजाला घाल पांघरूण

तो आवाज डोंगर ओलांडून गेला. आणि मग वारा पडला. वडाची पानं हलायची थांबली. डोंगरावरून काळी घोंगडी पांघरलेली एक म्हातारी उतरताना दिसली. पहिल्यांदाच दिसली, आणि तीही थोड्याच जणांना. कारण बाकीचे तोवर पेंगायला लागले होते. ती वडाखाली आली. भैरूच्या नातीच्या डोळ्यांवरून तिनं हात फिरवला. पोरीनं जांभई दिली आणि झोपली. मग सगळी पोरं झोपली, आया झोपल्या, पंच एकमेकांच्या खांद्यांवर माना टाकून झोपले. बैल झोपले, कोंबडा झोपला, पहारेकरी भाल्याला टेकून उभ्या उभ्याच झोपला. शेवटी उरली हौसा. म्हातारी तिच्याजवळ आली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दमलीस बाई. नीज आता." आणि हौसा डफावर डोकं ठेवून झोपली. महालात गेल्यापासून तिला अशी झोप लागली नव्हती.

नगरी जागी झाली ती पार दुसऱ्या दिवशीच्या दुपारी. मग भैरूनं तिन्ही दवंड्या परत घेतल्या. माणूस पाठवून दौलतबुवांना आणलं. राजानं सारंगी दिली का? नाही दिली. नगरीतल्या सुतारानं नवी करून दिली. बुवा कुरकुरले, जुनीची सर नाही म्हणाले, आणि लगेच वाजवायलाही बसले.

मग त्या राज्यात नवी नवी गाणी झाली. काहींत पंचांची थट्टा होती. भैरूला आधी राग आला, मग हसू आलं. त्याचं गाणंही लोक म्हणायचे, वर्षातून एकदा, दार उघडलं त्या दिवशी, आणि अगदी मनापासून म्हणायचे. बैल चालीनं चालू लागले, नवऱ्या हळू पावलांनी बोहल्यावर जाऊ लागल्या. हौसा बाजारात गायची आणि मेथीही विकायची. सगळे पोटभर जेवले, मनासारखं गायले आणि वेळेवर झोपले.

आणि नीजबाई? ती काय, दारातच उभी आहे. बोलू नका आता. मिटा बघू डोळे, माझ्या राजांनो.