तेकोल्पानची उतरवलेली दारं

दक्षिण मेक्सिकोच्या डोंगरांत तेकोल्पान नावाचं गाव आहे. ऑक्टोबर सरत आला की तिथले उतार झेंडूने पिवळेधमक होतात. त्या मुलखात झेंडू हे मेलेल्यांचं फूल. गेलेली माणसं वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या तोंडावर, आपापल्या घरी येतात आणि त्यांना वाट सापडावी म्हणून दफनभूमीपासून उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. हा रिवाज मेक्सिकोत ठिकठिकाणी आहे. पण तेकोल्पानात पाकळ्यांच्या आधी आणखी एक काम असतं. गावातली सगळी दारं बिजागऱ्यांतून काढतात आणि देवळाच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवतात. निळी, हिरवी, रंग उडालेली, कुणाच्या दारावर पोरांनी खडूने काढलेला घोडा. ते दिवस संपेपर्यंत गावात एकही घर बंद होत नाही.

पाहुणे विचारतात, चोर शिरले तर? चौकात पाव विकणारी म्हातारी दोन्या रेफुहिओ, म्हणजे आपल्याकडे रेफुहिओबाई, हसून म्हणते, "शिरू देत की. घरात किती जण बसलेत हे कळलं तर तोच पळत सुटेल." मग ती पावावरचं फडकं सारखं करते आणि माकारियाची हकिगत सांगते. तिला ती तिच्या आजीने सांगितली, आजीला आणखी कुणी.

तेव्हा गावाला गाडीरस्ता नव्हता. माकारिया पाम झाडाच्या पात्यांच्या चटया विणायची. नवरा खाणीवर कामाला गेला तो परत आलाच नाही. जिवाला जीव म्हणून एक मुलगी, एलोदिया. बडबडी, काटकुळी, सतत काहीतरी गुणगुणणारी. एका पावसाळ्यात तिला ताप भरला. औषधपाणी करणारीने बजावलं होतं, पोटात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नको. एलोदिया रात्रंदिवस पाणी मागत राहिली आणि माकारियाने काळजावर दगड ठेवून ओला बोळा तेवढा तिच्या ओठांवर फिरवला. पोर तशीच गेली, तहानलेली. पुढे माकारियाने कुणाशी त्याबद्दल शब्द काढला नाही. पण स्वतः पाणी प्यायला बसली की भांडं हातातच राहायचं, असं सांगतात.

मग ते दिवस आले. गेलेली मुलं आधी येतात. एका दुपारी देवळाची घंटा वाजली की ती येतात, आणि दुसऱ्या दुपारी घंटा वाजली की परत निघतात. त्यांच्यामागून मोठी माणसं येऊन जातात. माकारियाने मुलीसाठी चौरंग मांडला. पांढऱ्या मेणबत्त्या, गोड पाव, मक्याची पेज, कोपालचा धूप. आणि पाणी. घरात होती नव्हती ती सगळी भांडी तिने पाण्याने भरून ठेवली.

घंटा वाजली. ऊन रखरखत होतं, अंगणात पानही हलत नव्हतं. माकारियाला दिसलं असं काही नाही. पण चौरंगापुढे अंथरलेली नवी चटई मध्यभागी जराशी दबली, कुणीतरी मांडी घालून बसावं तशी. आणि तिच्या डोळ्यांदेखत एका भांड्यातलं पाणी हळूहळू खाली गेलं. मग दुसऱ्यातलं. घोट घेतल्याचा आवाज येत होता. लहान मूल फार तहानलं म्हणजे मध्येच श्वास घेतं ना, तसा.

"पी बाळा," माकारिया म्हणाली. "हवं तेवढं पी."

दुसऱ्या दिवशी दुपारी निघायची घंटा झाली. घरोघरच्या बाया दारात उभ्या राहून आपापल्या लेकरांना निरोप देत होत्या. माकारिया उठली. तिने उंबऱ्यावरच्या सगळ्या पाकळ्या झाडून आत ओढल्या, पोत्यात भरल्या. दार लावलं. आडणा घातला. फटींमध्ये चिंध्या कोंबल्या. आलेले दारातून येतात आणि दारातूनच जातात, हे तिला ठाऊक होतं.

घरात गुणगुण सुरू झाली. एलोदियाचीच.

गावाला कळायला थोडे दिवस लागले. आधी जिभेला कळलं. मक्याची भाकरी मातीसारखी लागायला लागली. मिरची नुसती लाल, तिखटाचा पत्ता नाही. भट्टीतून ताजा काढलेला पाव नाकाशी धरला तरी वास येईना. आलेल्यांना लागतो तो अन्नाचा वास आणि चव, आणि ती तर कुणीतरी रोज खाऊन टाकत होतं. झेंडू काढून टाकले तरी धुपाचा दर्प घराघरातून जाईना. भरदुपारी रिकाम्या बाकांचं लाकूड करकरायचं. रस्त्यातून जाणारी कुत्री मध्येच वळसा घालून पुढे जायची, जिथे वळसा घालायला काहीच नव्हतं. आणि माकारियाच्या घरासमोर तर कुत्री पाऊलच टाकत नसत.

घंटा वाजवणारा म्हातारा एपिफानिओ एकदा त्या दारासमोर बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "पोरं हात धरून येतात आणि हात धरून जातात," तो म्हणाला. "एक आत अडकलंय. बाकीची त्याच्यासाठी थांबलीत. आणि पोरांना मागे टाकून मोठी माणसं कशी जातील? सगळे इथेच आहेत. एकूण एक."

शेजारी त्रिनिदाद राहायची. एलोदियाची धर्ममाता, म्हणजे माकारियाची कोमाद्रे. त्या मुलखात हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं. तीच मागच्या झरोक्यातून माकारियाला पाणी आणि भाकरी देत असे. तिचं तान्हं बाळ दूध पिईना. छातीशी धरलं की तोंड फिरवायचं. दिवसागणिक त्याचं रडणं बारीक होत चाललं होतं.

ती बाळाला घेऊन दाराशी आली. "कोमाद्रे, उघड गं. माझं लेकरू सुकत चाललंय."

 आतून माकारिया म्हणाली, "तुझं तुझ्या मांडीवर तरी आहे. माझं पाणी पाणी करत गेलं. आता पितंय, पिऊ दे. थोडे दिवस."

"किती दिवस, कोमाद्रे?"

आत माकारियाने फटीत आणखी एक चिंधी कोंबली.

तिला आत सुख होतं असं मात्र नाही. पहिले काही दिवस होतं. चटईवरचा दाब, गुणगुण, पहाटे एलोदियाच्या केसांना यायचा तसा लाकडाच्या धुराचा वास. हळूहळू शब्दही ऐकू यायला लागले. पण दिवस उलटले तसं गाणं मध्येच तुटायचं. पुढची ओळ पोरीला आठवायची नाही. भांडी भरलेली तशीच राहायला लागली. बाहेर भर उन्हात, रिकाम्या रस्त्यावरून, लहान लहान आवाज हाक मारायचे, "एलोदिया, चल ना." आत छोटी पावलं दारापर्यंत जायची आणि परत यायची. जायची आणि परत यायची. मातीच्या जमिनीवर तेवढ्या पट्ट्यात पोपडा निघाला, म्हणे.

"कुणाला बोलावतायत?" पोरीने विचारलं.

"तुलाच, राणी."

"माझं नाव एलोदिया आहे?"

माकारिया चटई विणत होती. पातं तिच्या बोटात रुतलं तरी तिला कळलं नाही. ती मुलीला सगळं सांगत बसली. तू या कोपऱ्यात जन्मलीस, तुला गाढवाची भीती वाटायची, तुझ्या नाकावर देवीचा व्रण होता. पोर ऐकून घ्यायची. परक्याच्या घरी आलेलं मूल ऐकतं तसं, निमूट.

थंडी पडली. एका सकाळी पावलं दारापासून परतली नाहीत. ती माकारियाच्या समोर येऊन थांबली. आवाज अगदी विरलेला होता.

"बाई," पोर म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात. पण दार उघडा ना. माझी आई माझी वाट बघत असेल."

माकारियाच्या हातातली चटई खाली पडली. ती तशीच दाराकडे धावली. आडणा काढला, चिंध्या ओढून काढल्या, कडी ओढली. दार हलेना. बाहेर उघडणारं दार, आणि जणू चौकटीत चिणलेलं. पलीकडून साऱ्या गावाचे मेलेले त्याला टेकून उभे होते, वाट बघून बघून थकलेले. सगळा भार त्या फळ्यांवर होता.

तिने झरोक्यातून ओरडून त्रिनिदादला बोलावलं. त्रिनिदाद आली, तिच्यामागून एपिफानिओ पहार घेऊन आला. अंगणात पाय टाकताना दोघांनाही आधी थबकायला झालं. गर्दीतून वाट काढावी तसे ते अंग चोरत दारापर्यंत गेले. एपिफानिओने बिजागऱ्या उचकटल्या. दार सुटलं, दोघांनी ते उचलून बाजूला टाकलं, आणि घरातून थंडगार वारा बाहेर आला.

आता वाट हवी होती. डोंगरावरचे झेंडू केव्हाच थंडीने करपले होते. माकारियाने पोतं ओढलं. त्यातल्या पाकळ्या वाळून चुरा झाल्या होत्या. ती दाराकडे पाठ करून वाकली आणि मूठ मूठ चुरा टाकत पावलापावलाने मागे सरकत निघाली. तोंड मुलीकडे. "इकडे ये," ती म्हणत होती. "तुझ्या आईकडे जायचंय ना? मला वाट माहीत आहे. ये." गल्लीतून, चौकातून, देवळावरून. लोक घराच्या भिंतीला चिकटून उभे होते. तिच्यामागून जाणाऱ्यांचा वारा त्यांच्या तोंडाला लागत होता.

दफनभूमीच्या वेशीशी चुरा संपला. माकारिया बाजूला झाली.

"जा बाळा," ती म्हणाली. तिला ते एकदाच म्हणता आलं.

मग ती वळली आणि गावाकडे चालायला लागली. मागून कुणीतरी हाक मारली, "आई!" एलोदियाचा आवाज होता की त्या घोळक्यातल्या दुसऱ्या कुणाचा, ते माकारियाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने मागे पाहिलं नाही.

घरी आली तर दार नव्हतं. ऊन थेट चुलीपर्यंत पसरलं होतं. शेजारी त्रिनिदादचं बाळ चुटूचुटू दूध पीत असल्याचा आवाज येत होता. कुणीतरी माकारियाच्या हातात मीठ लावलेली गरम भाकरी दिली. तिने घास घेतला. मीठ खारट लागलं. मका गोड लागला. आणि त्या चवीवरूनच तिला कळलं की घर रिकामं झालंय. तेव्हा कुठे ती रडली. पोर गेली त्या दिवशीही ती रडली नव्हती.

माकारियाने पुन्हा दार बसवलं नाही. पुढल्या वर्षी ते दिवस जवळ आले तेव्हा त्रिनिदादने आपलं दार काढून देवळाशी नेलं, मग इतरांनी. कुणी ठरवून दिलं असं नाही. माकारिया खूप जगली. त्या वर्षी ज्या घरातलं मूल गेलं असेल, त्या घरी दुपारच्या घंटेच्या वेळी ती जाऊन आईच्या शेजारी उभी राहायची. 

आजही तेकोल्पानात मुलांच्या निघायच्या वेळी घंटा सुरू झाली की आया उघड्या चौकटीत उभ्या राहतात आणि मोठ्याने म्हणतात, "जा बाळा, पुढल्या वर्षी ये." नव्याने मूल गमावलेल्या आईच्या तोंडून ते शब्द लवकर निघत नाहीत. शेजारच्या बाया तिच्याभोवती येऊन थांबतात. कुणी तिला घाई करत नाही, कुणी तिच्यासाठी ते म्हणत नाही. तिने म्हटल्याचं कळेपर्यंत घंटा वाजवणारा दोर सोडत नाही. एका वर्षी म्हणे सावल्या लांबत लांबत चौकापलीकडे गेल्या तरी घंटा वाजतच होती. हात दुखले की दोर पुढच्या माणसाकडे जात होता, आणि सारं गाव आपापल्या चौकटीत उभं होतं.