दहावं झाड

फार मागे एका राजाकडे सागाचं जंगल होतं. एवढं दाट, बरं का, की आत शिरलेलं ऊन बाहेर यायची वाट विसरायचं. जंगलाच्या पोटात कोसमटोला नावाचं गाव. तिथे मैनी राहायची आणि तिची पोर रुपी. गावाला शाळा नव्हती, रस्ता नव्हता. रुपीला शिकायचं होतं. मैनीला तेवढंच हवं होतं, दुसरं काही नको.

मग एक दिवस राजाने दवंडी पिटवली. जंगल तोडायचंय. नऊ झाडं राजाची, दहावं गावाचं. त्या दहाव्याच्या पैशातून गावाला शाळा, गावाला रस्ता. झाड पडलं की मुकादम आकडा ओरडेल. तो दहा म्हणाला, की ते झाड तुमचं.

मग कुऱ्हाडी चालल्या. सगळं गाव कामं टाकून कान देऊन बसलं. आता गंमत ऐका. गंमत कसली, माझं कपाळ! त्या गावात कुणालाच मोजता यायचं नाही. टोपली भरली की भरली, एवढंच त्यांना कळायचं. दहा हा शब्द तेवढा त्यांनी पाठ केला होता. मुकादम ओरडायचा, एक, दोन, तीन, असं करत नऊ. आणि नवानंतर पुन्हा एक. त्याला पकडणार कोण?

पहिल्या वर्षी मैनी राजाकडे गेली. म्हणाली, "महाराज, आमची शाळा?"

राजा म्हणाला, "दहा ऐकलंस का?"

"नाही जी."

"मग अजून झाले नाहीत. थांब."

मैनी मान हलवून परत आली. राजा कशाला खोटं बोलेल, असं तिला वाटलं. भोळी ती भोळीच.

दुसऱ्या वर्षी रस्ता आला. लोक नाचले. पण तो होता लाकडाच्या गाड्यांसाठी, सागापाशी येऊन थांबला. गाव तिथून कोसभर लांब. मैनी पुन्हा गेली, तेच उत्तर घेऊन आली.

तिसऱ्या वर्षी जंगलच संपलं. राजा म्हणाला, "दहा आलेच नाहीत, बाई. आले असते तर दिलं नसतं का?" मैनी वाटेत बसून खूप रडली. आता वाट बघायलासुद्धा झाड उरलं नव्हतं.

एकच साग उभा होता. आतून पोकळ, म्हणून कुणी तोडला नाही. त्याने ते रडणं ऐकलं आणि तो बोलला. हो, बोलला. म्हणाला, "रुपीला पाठव. मला येतं तेवढं शिकवीन."

मग रुपी त्याच्या ढोलीत जाऊन बसली. मागोमाग गावची सगळी पोरं आली. सागाने तीन वर्षं जे ऐकलं, तेच शिकवलं. एक, दोन, करत नऊ.

रुपीने विचारलं, "नवानंतर काय?"

साग म्हणाला, "एक."

बिचाऱ्याला पुढचं माहीत कुठलं?

ढोलीबाहेर मैनी उभी होती. पोर शिकली, म्हणून हसत होती. तिला खरं कोण सांगणार? माझ्याच्याने नाही सांगवत.

राजा सुखात राहिला, राणी सुखात राहिली. आणि त्या गावातली पोरं अजूनही नवानंतर एक म्हणतात. चला, पांघरूण वर घ्या. डोळे मिटा आणि मोजा. तुम्हांला दहा येतं ना? मग म्हणा, मोठ्याने म्हणा. आणि झोपा.