मुकादमाचे तूप

फार जुन्या काळी, तुमच्या-माझ्या खापरपणजोबांच्याही आधी, एका राजाने दोन डोंगरांच्या मध्ये तलाव बांधायला घेतला. बांधावर शेकडो पाथरवट राबत होते. त्यांत सटवाजी नावाचा एक जण होता. अंगाने धिप्पाड, बोलायला कमी. त्याची बायको भिवरा तिथेच खडी फोडायची.

काम सुरू करतानाच राजाने दवंडी पिटवली होती. या कामावर जो जायबंदी होईल, त्याच्या घरी तो बरा होईपर्यंत राजाच्या कोठारातून धान्य जाईल आणि राजवैद्य त्याला औषध देईल. जो कायमचा अधू होईल, त्याला जन्मभर धान्य. अट एकच होती. महिन्याच्या आत दरबारात वर्दी द्यायची.

एके दिवशी मोठी शिळा बांधावर ओढायची होती. दोर कुजला होता. सटवाजीने तो मुकादमाला दाखवला. आजचा दिवस निभावून न्या, उद्या बदलू, असे मुकादम म्हणाला. दुपारी दोर तुटला, शिळा घसरली आणि सटवाजीचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला.

दुसऱ्या दिवशी मुकादम स्वतः झोपडीत आला. सोबत तुपाची लोटी होती. बाजेशेजारी बसून त्याने सटवाजीच्या कपाळावर हात ठेवला. दरबारात चौकशी झाली तर दोराचे विचारतील, ही त्याची खरी धास्ती. ती त्याने बोलून दाखवली नाही.

"सटवाजी, आपण घरची माणसं," तो म्हणाला. "दरबारी गेलास तर काम बंद पडेल, मग बाकीच्यांच्या चुली कशा पेटायच्या? मी आहे ना तुला."

तो गेल्यावर भिवरा नवऱ्याला म्हणाली, चार माणसे बोलावते, बाजेसकट तुम्हाला दरबारात नेऊ. सटवाजीने नकारार्थी मान हलवली. एवढा मोठा माणूस आपल्या दारी तूप घेऊन येतो, त्याच्याविरुद्ध तोंड कसे उघडायचे, असे त्याला वाटले.

मुकादम दर आठवड्याला येत राहिला. तूप आणायचा, गोड बोलायचा. राजवैद्याला मात्र कुणीच बोलावले नाही, कारण वर्दीशिवाय तो येत नसे. पाय आधी सुजला, मग काळा पडला. महिना सरला आणि मुकादमाचे येणे थांबले.

भिवरा त्याच्याकडे गेली. शिळेखाली उभा राहिला तो त्याचा निष्काळजीपणा, असे सांगून मुकादमाने पाठ फिरवली.

आता मात्र चौघांनी बाज उचलली. दरबारातल्या म्हाताऱ्या न्यायाधीशाने सगळे ऐकून घेतले. पायाकडे पाहून त्याचा चेहरा उतरला.

"वेळेत का नाही आलास?" त्याने विचारले.

सटवाजीने पायावरचे फडके सारखे केले. मग म्हणाला, "दया मिळत होती, महाराज. मग हक्क कशाला मागायचा, असं वाटलं."

न्यायाधीशाने मान खाली घातली. मुदत राजाने घातलेली होती, ती मोडणे त्याच्या हाती नव्हते. आपल्या घरचे पायलीभर जोंधळे त्याने भिवराच्या पदरात घातले. ती बाजेमागून चालू लागली.

त्याच आठवड्यात जहर अंगभर चढले आणि सटवाजी गेला. तेरावा होताच भिवरा पुन्हा खडी फोडायला बसली. त्याच बांधावर, त्याच मुकादमाच्या हाताखाली.

न्यायाधीशाला राहवेना. त्याने राजाला सगळे सांगितले. राजाने मुकादमाला हाकलले, महिन्याची मुदत काढून टाकली आणि वर्दी देणे हे मुकादमाचेच काम ठरवले. भिवराला जन्मभराचे धान्य लागू झाले. पहिले पोते दारात उतरले तेव्हा तिने आणणाऱ्याला एवढेच विचारले, "हे दोन महिने आधी आलं असतं, तर वैद्यही आला असता ना?" त्याने पोते उचलून आत ठेवले.

तेव्हापासून त्या बांधावर कुणाचे बोट जरी ठेचले, तरी सोबती त्याला रक्त सुकायच्या आत दरबारी नेऊ लागले. तलाव भरला. सटवाजी तेवढा परत आला नाही.

यातून घ्यायचे ते एवढेच: जायबंदी माणसाने गोड बोलण्यावर विसंबू नये, दया देणाऱ्याच्या मर्जीने थांबते, म्हणून हक्क वेळेवर मागावा.