वारुळावरची वही

गोदाकाठच्या धामणवाडीत यिर्मयाबाबा वस्तीला आले, त्या वेळची गोष्ट तिथली ख्रिस्ती मंडळी अजून भक्तीने सांगतात. बाबांची दृष्टी अधू झाली होती, पण शुभवर्तमान मुखोद्गत होते. ज्याला अक्षर येत नाही, त्याला ते शिकवीत. शिंदीच्या केरसुण्या वळणारी रिबकाबाई पन्नाशीला टेकलेली, तीही शिकली! मग बाबा तोंडाने सांगत आणि ती काजळीच्या शाईने वहीत उतरवी. सगळे शुभवर्तमान लिहायला तिला तीन वर्षे लागली.

तिथल्या ख्रिस्ती देवळाचा पंच हनोखराव, त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. देवळातला कातडी बांधणीचा बायबलचा थोरला ग्रंथ त्याच्या ताब्यात असे. रेशमी फडक्यात गुंडाळून, पेटीत कुलूपबंद! तो बाहेर निघे नाताळला आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला. एरवी पाठ असलेले चार उतारे घोळवून हनोखराव रविवार भागवी. असल्या माणसाला दुसऱ्याच्या हाती देवाचे वचन कसे बघवेल?

उत्तम शुक्रवाराआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पहिल्या रविवारी रिबकाबाईने देवळात वही आणली आणि थोडे वाचू का, असे विचारले. हनोखरावाने वही हिसकावली, कोंबडी नाचल्यासारखे अक्षर म्हणून सगळ्यांना दाखवली आणि कुंपणाजवळच्या वाळवीच्या वारुळावर भिरकावली. "तुझ्या अक्षराला हेच गिऱ्हाईक," तो म्हणाला. मंडळी मुकाट बसून राहिली. लाज वाटायला हवी होती त्यांना!

रिबकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी वही आणायला उठले, त्याला तिने अडवले.

"ज्यानं टाकली त्यानंच उचलायची. म्या वाकणार न्हाई."

पुढे बाबांपाशी ती रडली, तेही रागानेच. तीन वर्षांची मेहनत वाळवीच्या तोंडी गेली होती. बाबांनी तिला शांत हो म्हटले नाही. संतापाने त्यांचाही आवाज कापत होता.

"नको वाकूस," बाबा म्हणाले. "शब्द ज्याचा आहे, तो बघून घेईल."

दिवस गेले. वारूळ वीतभर वाढले, कुंपणाचे खांब पोखरले गेले. रिबकाबाई रोज तिथून जाई आणि तोंड फिरवी.

उत्तम शुक्रवारी देऊळ भरले. हनोखरावाने कुलूप काढले, फडके सोडले, ग्रंथ उघडला. आत माती! पेटीच्या तळातून वाळवी शिरली होती आणि पुठ्ठ्यांमध्ये एकही पान उरले नव्हते. त्याला पाठ असलेले उतारेही आठवेनात. प्रभूच्या मरणाच्या दिवशी मंडळीला वाचून काय दाखवायचे?

"वारुळावर बघ," मंडळीत बसलेले बाबा म्हणाले.

तो गेला, मागोमाग सगळी मंडळी. वहीच्या चारी बाजूंनी वारूळ चढले होते. ओढून ती निघेना, तेव्हा हनोखरावाने गुडघे टेकले आणि हातांनी माती उकरली. काय प्रभूची करणी! एकाही पानाला वाळवीचा दात लागला नव्हता. शाई काल लिहिल्यासारखी काळीभोर होती.

वही त्याने दोन्ही हातांनी रिबकाबाईपुढे धरली. "चुकलं माझं. तुम्ही वाचा, बाई."

"बसा खाली," ती म्हणाली. तिचा राग तसूभर उतरला नव्हता.

देवळात ती कडक आवाजात वाचू लागली. क्रुसावर खिळे ठोकणाऱ्यांसाठी प्रभू क्षमा मागतो, त्या ओळीपाशी ती थांबली. समोर हनोखराव बसला होता. ती ओळ तिला त्या घडीला मुळीच नको होती. पण ती लिहिलेली होती, तिच्याच हाताने, आणि लिहिलेले गाळता येत नव्हते.

तिने ती वाचली. हनोखरावाने जमिनीला कपाळ टेकले.