सरव्याचे गहू

बालाघाटाच्या रांगेत, दोन टेकड्यांच्या बेचक्यात रुईतळे नावाचे एक गाव आहे. तेथे श्रीकमळगिरी महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर मातीची ओसरी, पुढे एक जुनी चिंच आणि तिच्या सावलीत महाराजांची घोंगडी. महाराज फार बोलत नसत. आल्यागेल्याला पाणी विचारीत आणि जवळ बसवून घेत.

आजची कथा रुईतळ्याला भूषणाची नाही. गावातली जाणती माणसे ती सांगताना खाली बघतात. पण महाराजांची आज्ञाच होती, की ही कथा भंडाऱ्याला सांगावी आणि तिच्यातली नावे गाळू नयेत. म्हणून सांगतो.

चैत्रात मठाचा भंडारा होई; आसपासच्या बारा वाड्यांची माणसे त्याला येत. रीत अशी, की घरोघरचे कांडलेले गहू एकाच कढईत पडायचे आणि त्यांची खीर व्हायची. ज्याने त्याने आपल्या हाताने गहू टाकायचे. गावात इमामभाई पिंजारी राहत असे. खांद्याला धनुकली लावून तो वाडीवाडीतून कापूस पिंजत फिरे. त्याला शेत नव्हते. सुगी सरली, की त्याची बायको हलिमाबी लोकांच्या रानात गळून पडलेल्या लोंब्यांचा सरवा वेची. त्या सरव्यातले पहिले शेरभर गहू ती भंडाऱ्यासाठी बाजूला काढी, मगच घरात जाते फिरे. इमामभाई रोज संध्याकाळी भजनाला येई, अगदी मागे बसे आणि पायरीला डोके टेकवून निघून जाई.

त्या वर्षी भंडाऱ्याच्या आठ दिवस आधी तालुक्याच्या गावी दंगल उसळली. रुईतळ्याचे दौलतराव देशमुख यांच्या धाकट्या भावाचे कापडदुकान त्यात जळाले. भाऊ जिवानिशी वाचला, एवढेच. दौलतराव मूळचेच करारी आणि मानी. आता तर त्यांच्या तोंडाशी उभे राहायची सोय उरली नाही. भंडाऱ्याची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असे.

भंडाऱ्याच्या सकाळी इमामभाई गव्हाचे गाठोडे घेऊन कढईपाशी आला. दौलतराव आडवे झाले.

"थांब. तुझे गहू ह्यात पडायचे नाहीत."

"देशमुख, दर वर्षीचेच आहेत. सरव्याचे."

"दर वर्षी आम्ही आंधळे होतो! तुझ्या लोकांनी माझ्या भावाचं दुकान जाळलं, आणि तू इथं प्रसादाला हात लावतोस? पिंजाऱ्याच्या मूठभर गव्हावाचून खीर अडत नाही."

त्यांनी गाठोडे हिसकले आणि मातीत झटकून टाकले. इमामभाईचे मनगट धरून त्याला फाटकाबाहेर नेऊन सोडले. कोणीतरी फिदीफिदी हसले. बारा वाड्यांची माणसे उभी होती. त्याने पिंजलेल्या कापसाच्या गाद्यांवर निजणारी माणसे ती! एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. इमामभाई परत आत आला तो फक्त गहू वेचायला. दाणा पायदळी जाऊ नये म्हणून त्याने एकेक दाणा धोतराच्या सोग्यात गोळा केला आणि मान खाली घालून घरी गेला.

महाराज हे पाहत होते. ते उठले, फाटकाबाहेर गेले आणि लोकांनी वहाणा काढल्या होत्या तेथे, उन्हात, बसले.

दौलतराव धावत आले. "महाराज, इथं कुठं बसलात?"

महाराज म्हणाले, "बाहेर काढलेल्या माणसाला सोबत नको का? तुमचं चालू द्या."

दौलतराव क्षणभर थबकले. पण पाहुणे येत होते, कामे पडली होती. ते आत गेले. कढईखाली जाळ लागला. पहिला प्रहर गेला, दुसरा गेला. ऊन डोक्यावर आले. पाणी खळाखळा उकळत होते आणि गहू मात्र खड्यासारखे! धोंडिबा आचारी पळीने दाणा काढी, बोटांत चेपून पाही आणि पुन्हा लाकडे सारी.

"गूळ आधी पडला असेल," दौलतराव खेकसले.

"आबा, ढेप अजून फोडलीसुद्धा नाही. तीस वर्षं ही खीर करतोय. असं कधी झालं नाही." धोंडिबा म्हणाला.

लेकरे रडू लागली. लांबून चालत आलेल्या म्हाताऱ्या भिंतीला टेकल्या. तिन्हीसांजेपर्यंत ज्यांना परत पोचायचे होते ते चुळबुळ करू लागले. शेवटी दौलतराव महाराजांपुढे येऊन उभे राहिले. "महाराज, गहू शिजत नाहीत."

महाराजांनी वर पाहिले. त्यांचे डोळे भरलेले होते. ते म्हणाले, "त्यांना लाज वाटतीय, दौलतराव. तुम्हाला वाटत नाही, म्हणून त्यांना वाटावी लागतीय."

दौलतरावांनी गडी पाठवला. तो हात हलवीत परत आला. "मालक, ती दोघं गाव सोडून निघालीत. गाढवावर सामान लादलंय."

मग दौलतरावांना स्वतः जावे लागले. पिंजाऱ्याच्या दारात ते प्रथमच उभे राहत होते. हलिमाबी गाढवावर वळकटी आवळत होती.

"चल इमाम," दौलतराव म्हणाले. "महाराज उपाशी बसलेत."

हलिमाबी वळली. "देशमुख, तुमच्या भावाचं दुकान जळालं त्याच दिवशी तिथंच माझ्या दिराचं घर जळालं. धाकटी पुतणी भाजली. हे रोज तुमच्यासंगं भजनाला बसत होते, पण कुणाला बोलले नाहीत. मला म्हणाले, देशमुखांवर एवढं मोठं संकट, त्यात आपलं कुठं सांगतेस?"

दौलतरावांच्या अंगावर कोणी कढत पाणी ओतावे तसे झाले. आठ दिवस ते भावाचे दुःख बारा वाड्यांना सांगत होते. त्याच ओसरीवर, दहा हातांवर, हा माणूस गप्प बसलेला होता.

"चला, येतो मी," इमामभाई हळूच म्हणाला. "महाराज उपाशी नकोत."

"जा," हलिमाबी म्हणाली. "पण देशमुख, ज्या हातानं बाहेर काढलंत, त्याच हातानं न्या. मागच्या बोळातनं नाही. सगळ्यांच्या देखत."

आणि भर उन्हात, चावडीवरून, देशमुख इमामभाईचा हात धरून चालले. ओट्यांवरची माणसे उठून उभी राहिली. देशमुखांना ती वाट सरता सरेना. फाटकाशी महाराज उठले आणि त्या दोघांच्या मागून आत आले.

इमामभाईने सोग्यात बांधून आणलेले गहू धुतले, डोळे मिटले आणि कढईत सोडले. धोंडिबाने पळी फिरवली, दाणा काढून बोटांत धरला, तो लोण्यासारखा चेपला! "शिजली! शिजली हो खीर!" म्हातारा आचारी लेकरासारखा ओरडला. धन्य ती गुरुमाउली आणि धन्य तिचा भक्त! कढईतून असा घमघमाट सुटला, की रडती मुले गप्प झाली.

पण त्या दिवशी जयजयकार झाला नाही. कोणाला तोंड वर करवेना.

दौलतराव महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझा कोणता अपराध केलात तुम्ही?" मग लोकांकडे वळून ते म्हणाले, "आणि तुम्हीही दौलतरावांकडे नुसते बघू नका. हाताला त्यांनी धरलं, पण गप्प तुम्ही बसलात. दोन शब्द कुणाकडेच नव्हते?"

दौलतराव इमामभाईसमोर आले. पागोटे काढून त्यांनी खाली ठेवले.

"इमामभाई, तुमची पुतणी कशी आहे?" एवढेच त्यांना विचारता आले.

इमामभाईचा बांध तेव्हा फुटला. "मालक, आठ दिवसांत हे विचारणारे तुम्ही पहिले," तो म्हणाला आणि रडू लागला. ते ऐकून बारा वाड्यांच्या माना आणखी खाली गेल्या. रुईतळ्याच्या देशमुखांनी, ज्यांनी आजवर कोणापुढे गुडघा टेकला नव्हता त्यांनी, त्या मातीत दोन्ही गुडघे टेकले आणि पिंजाऱ्याच्या भेगाळल्या पायांवर डोके ठेवले.