तळ्याची चौथी बाजू

फार पूर्वी वेणुपुरात सुतेज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सोमिल या नावाने जन्मले होते आणि नगरसभेचे वनपाल म्हणून काम पाहत होते. सभेने वेशीबाहेरचं रान हरणांसाठी आणि लोकांच्या विसाव्यासाठी राखून ठेवलं होतं. चांगलं काम होतं हो! पण चांगल्या कामावर आपलं नाव कोरल्याशिवाय माणसाला चैन कुठं पडते? एका सभासदाने तिथे मंडप बांधला. दुसऱ्याने झुडपं तोडून झोपाळे टांगले. सभाप्रमुख धनमित्र श्रेष्ठींनी तर तळ्याला तीन बाजूंनी गुळगुळीत दगडी घाट बांधला, आणि आता उरलेली चिखलाची बाजूही बांधायला निघाले.

सोमिल सांगून सांगून थकले. "श्रेष्ठी, हरणं त्या चिखलातूनच पाण्यावर उतरतात. दगडावर त्यांचे खूर ठरत नाहीत. उन्हाळ्यात त्यांना दुसरं पाणी नाही."

"अहो, घाट झाला की हरणांचीही सोयच होईल की!" धनमित्र म्हणाले.

आता या माणसापुढे किती डोकं फोडायचं? सोमिलांच्या जिभेवर तिखट शब्द आला होता. तो त्यांनी गिळला आणि एवढंच मागितलं, की घाटाचा ठराव तळ्याकाठी मांडावा.

सभेची रीत अशी, की ठराव तीनदा पुकारायचा. कोणी हरकत घेतली नाही, तर मौन म्हणजे संमती. वैशाखात दुपार कलताना मंडळी आली आणि नेमकी चिखलाकडची वाट अडवून, सावलीला सतरंज्या अंथरून बसली. पहिला पुकारा झाला. सगळे गप्प. सोमिलही गप्प, नजर रानाच्या वाटेकडे.

दुसरा पुकारा झाला, तेवढ्यात समोरच्या घाटावर एक हरिणी पाडसाला घेऊन आली. पाडस पायरीवर उतरलं, घसरलं, गुडघ्यांवर आपटलं. उठलं, पुन्हा घसरलं. पाणी डोळ्यांसमोर होतं आणि तोंड पोचत नव्हतं. हरिणी वर उभी राहून सतरंज्यांकडे बघत होती.

तिसऱ्या पुकाऱ्यासाठी धनमित्रांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर पाडसावर गेली.

"हरकत घेणारे आलेत, श्रेष्ठी," सोमिल हळूच म्हणाले. "त्यांना वाट द्या."

धनमित्र उठले. आपली सतरंजी आपणच गुंडाळून लांब जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागून बाकीचेही उठले. हरिणी तळ्याला वळसा घालून आली, चिखलात उतरली, आणि पाडस पोटभर पाणी प्यालं. ठराव तिथेच बारगळला. "मग माझ्या झोपाळ्यांचं काय?" असं एकाने विचारलंच. विचारणारच! सोमिलांनी डोळे मिटून एक सुस्कारा सोडला आणि त्यालाही समजावायला बसले.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान, भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचे धनमित्र म्हणजे विहाराचं अंगण फरसबंद करायचा हट्ट धरून बसलेले आपले भद्रिल. झोपाळेवाले त्यांच्या शेजारीच बसलेत, नाव सांगत नाही. हरिणी म्हणजे भिक्खुणी कुमुदा, आणि सोमिल मीच होतो. मला राग आला नव्हता असं समजू नका. चांगलाच आला होता. तो गिळून, त्या तहानलेल्या जिवांसाठी मी दर सभेला जात राहिलो. त्या जन्मी मी क्षांतिपारमिता, म्हणजे सहनशीलतेचं व्रत, पाळली, ती अशी."